समुद्रावर तरंगणारं गोड पाणी

चेन्नईत मरीनाच्या रस्त्यावर, समुद्राकडे तोंड करून उभी असलेली ती गोलसर इमारत काल बसमधून दाखवली होती, आठवते ना? हल्ली तिला विवेकानंदर इल्लम म्हणतात. 1897 साली स्वामी विवेकानंद परदेशातून परतले तेव्हा काही दिवस तिथे राहिले होते, म्हणून ते नाव. पण तिरुवल्लिकेणीतल्या कुठल्याही जुन्या रिक्षावाल्याला विचारा, तो म्हणणार ‘आइस हाउस’. चुकत नाही तो. इमारत बांधलीच होती बर्फ ठेवायला, 1842 च्या सुमारास. तेव्हा घरात फ्रीज नव्हता, गावात बर्फाचा कारखाना नव्हता, वीज तर नव्हतीच.

“मग बर्फ आला कुठून, आजोबा?”

तळ्यातून. आपल्या नव्हे, अमेरिकेतल्या. बोस्टनजवळ केंब्रिज नावाचं गाव आहे, तिथे फ्रेश पॉन्ड नावाचं तळं आहे. हिवाळ्यात ते वरून घट्ट गोठतं. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या एका हट्टी माणसाच्या डोक्यात आलं की हा फुकटचा बर्फ कापून गरम देशांत विकायचा. लोकांनी वेड्यात काढलं. कर्जापायी तो तुरुंगातही जाऊन आला. पण नॅथॅनिएल वायथ नावाचा त्याचा एक माणूस होता, त्याने घोड्यांनी ओढायचा बर्फाचा नांगर बनवला. बर्फावर आडव्या-उभ्या रेघा मारायच्या आणि एकसारखे चौकोनी ठोकळे काढायचे. ठोकळे एकसारखे असले की जहाजात एकमेकांना खेटून बसतात, मधे हवा शिरायला जागा राहत नाही आणि बर्फ कमी वितळतो. भोवती लाकडाचा भुसा दाबून भरायचा. लाकूडकापणीच्या गिरण्यांना भुसा म्हणजे डोकेदुखी, यांना तो हवाच होता.

1833 साली ट्यूडरचं पहिलं जहाज कलकत्त्याला आलं. बोस्टनहून निघायचं, आफ्रिकेला वळसा घालायचा, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, चार महिने उन्हात. निघताना 180 टन बर्फ होता, पोचला तेव्हा सुमारे 100 टन शिल्लक होता! पुढे मुंबई आणि मद्रासलाही असा बर्फ येऊ लागला. मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम वाढलं आणि दुसऱ्या दिवशी यजमानासकट सगळे सर्दीने हैराण झाले, असं सांगतात. तुमची आजी मला आइस्क्रीम का खाऊ देत नाही, त्याचं मूळ तिथपर्यंत जातं.

आता एक गंमत बघा. तळं गोठतं ते वरून, तळापासून नाही. असं का व्हावं? बहुतेक पदार्थ थंड झाले की आकसतात आणि जड होऊन खाली बसतात. पाणीही तसंच वागतं, पण चार अंश सेल्सिअसपर्यंतच. त्याहून थंड झालं की ते पसरायला लागतं. म्हणजे शून्याजवळचं पाणी चार अंशांच्या पाण्यापेक्षा हलकं. ते वर राहतं, वरच गोठतं, आणि त्याचा बर्फ आणखी हलका. त्या झाकणाखाली मासे आपले हिवाळा काढतात. पाण्याचा हा एवढा विक्षिप्त स्वभाव नसता तर थंड देशांतली उथळ तळी तळापासून गोठत आली असती आणि मासोळ्या त्यातच संपल्या असत्या. बर्फ पाण्यावर तरंगतो तेव्हा साधारण नऊ भाग पाण्याखाली आणि एक भाग वर असतो. हे नऊ आणि एक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढे यंत्राने बर्फ होऊ लागला तेव्हा ट्यूडरचा धंदा बसला. आणखी एक गोष्ट झाली. अमेरिकेत तळ्यांकाठी वस्ती वाढली, कारखाने आले, सांडपाणी तळ्यात जाऊ लागलं. गोठताना पाणी मीठ आणि मळ बराचसा बाहेर ढकलतं हे खरं, पण जंतू काही सगळे मरत नाहीत. काचेसारखा दिसणारा बर्फसुद्धा माणसाला आजारी पाडू शकतो हे कळल्यावर लोक विचारू लागले, हा कुठल्या तळ्याचा? केंब्रिजवाल्यांना हा प्रश्न जास्तच झोंबला, कारण फ्रेश पॉन्डचं पाणी तेच पीत होते. एकोणिसावं शतक संपता संपता गावाने तळ्याभोवतीची जमीन ताब्यात घेतली आणि काठावरची हॉटेलं, घरं, बर्फाची गोदामंसुद्धा काढायला लावली. ज्या धंद्याने तळ्याचं नाव जगभर नेलं, त्याच धंद्याला काठावरून उठवलं. मला हे फार आवडतं. ते गाव आजही त्याच तळ्याचं पाणी पितं.

“पण आपल्या तळ्याचं काय? तिथे तर बर्फ होतच नाही.”

तिकडेच निघालोय. आइस हाउसपासून चालत दहा मिनिटांवर पार्थसारथीचं देऊळ. मिशीवाला कृष्ण, भीष्माच्या बाणांचे व्रण चेहऱ्यावर घेतलेला, अर्जुनाचा सारथी. पल्लवांच्या काळापासूनचं ठिकाण, आळ्वारांनी गायलेलं. समोरचं तळं म्हणजे कैरविणी. कुमुदांच्या तळ्यावरूनच या सगळ्या वस्तीला तिरुवल्लिकेणी हे नाव पडलं. आणि समुद्र? जेमतेम एक किलोमीटर. आता थोरल्या, तू सांग. समुद्राच्या एवढ्या जवळ, वाळूत खड्डा खणला तर पाणी कसलं लागायला हवं?

“खारट.”

आणि लागतं गोड. फक्त इथेच असं नाही. 1772 साली इंग्रजांनी आपल्या किल्ल्याला पाणी पुरवायला शहराच्या उत्तरेला विहिरी खणल्या, तो भाग आजही ‘एळुकिणरु’, म्हणजे सात विहिरी, म्हणून ओळखतात. त्याही समुद्राजवळच. आणि तुम्ही मालवणला सिंधुदुर्ग पाहिलात तेव्हा चारी बाजूंनी समुद्र आणि मधोमध गोड पाण्याच्या तीन विहिरी होत्या ना? दूधबाव, दहीबाव, साखरबाव. गाइड सांगतो चमत्कार. तिथे वाळू नाही, खडक आहे, पण पाणी दोन्हीकडे एकच, आभाळातलं. मुरतं, साठतं, आणि खाऱ्या पाण्यात मिसळून जायच्या ऐवजी त्याच्यावर बसून राहतं.

का बसतं? एक लिटर गोडं पाणी एक हजार ग्रॅमचं. एक लिटर समुद्राचं पाणी साधारण एक हजार पंचवीस ग्रॅमचं. फरक एवढासाच, पण त्यावर अख्खी किनारपट्टी जगते. वही घे आणि मांड. गोड्या पाण्याचा एक्केचाळीस मीटर उंच खांब आणि खाऱ्या पाण्याचा चाळीस मीटर उंच खांब. एक्केचाळीस गुणिले हजार किती? एक्केचाळीस हजार. आणि चाळीस गुणिले एक हजार पंचवीस?

“तेही एक्केचाळीस हजार!”

दोन्ही खांबांचं वजन सारखं, म्हणून दोघं एकमेकांना तोलून धरतात. म्हणजे वाळूतलं गोडं पाणी समुद्राच्या पातळीच्या एक मीटर वर असेल, तर खाली ते चाळीस मीटरपर्यंत खाऱ्या पाण्याला ढकलून धरू शकतं. बर्फाचे नऊ भाग पाण्याखाली, तसे या गोड्या पाण्याचे चाळीस भाग खाली. आपण विहिरीत डोकावून पाहतो तो नुसता शेंडा.

हा हिशेब मांडला तो किनाऱ्यावरच्या लोकांनीच, त्यांना गरज होती म्हणून. हॉलंडच्या सैन्यातला इंजिनिअर बाडोन गायबेन, 1889 च्या सुमारास, आणि जर्मनीचा हेर्त्सबेर्ग, 1901 साली, समुद्रातल्या एका वाळूच्या बेटावर पाण्याची सोय बघताना. दोघांना एकमेकांची खबर नव्हती. आपल्याकडे हा चाळीसचा आकडा पुरता लागू पडत नाही हेही सांगतो, कारण चेन्नईच्या वाळूखाली चिकणमातीचे थर आहेत आणि त्याखाली काळा कठीण खडक. पण तत्त्व तेच.

आता याची दुसरी बाजू. एक मीटर वर म्हणजे चाळीस मीटर खाली, मग वरचं पाणी एक मीटरने उपसलं तर काय होईल?

“खालचं खारं पाणी चाळीस मीटर वर येईल!”

लगेच नाही. हळूहळू, वर्षा-वर्षांनी. पण येणार. आणि एकदा वाळूत खारं पाणी शिरलं की ते धुऊन काढायला कितीतरी पावसाळे जातात. बोअरवेल जिथे जोराने उपसते तिथे तर खारं पाणी बरोबर तिच्या तोंडाखाली टोकदार होऊन वर चढतं. चेन्नईच्या उत्तरेला मिंजूर आहे. तिथल्या जमिनीतलं पाणी शेतीसाठी, कारखान्यांसाठी, शहरासाठी इतकं उपसलं की समुद्र जमिनीखालून किलोमीटर-किलोमीटर आत सरकला. 1960 च्या दशकातच ते लक्षात आलं होतं. आणि पुढे 2010 साली त्याच मिंजूरजवळ समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना उभा राहिला, दिवसाला दहा कोटी लिटरचा. आधी जमिनीतलं गोडं पाणी खारं होऊ दिलं आणि मग खारं गोडं करायला वीज जाळली. मी इंजिनिअरांचा आदर करतो, तरी यावर हसू आल्याशिवाय राहत नाही.

तर कैरविणीचं काम आता कळलं? ते नुसतं देवाच्या तेप्पम उत्सवाचं तळं नाही. मासी महिन्यात पार्थसारथी तराफ्यात बसून तळ्यात फिरतो, ते दिसतं. न दिसणारं काम म्हणजे पावसाचं पाणी वाळूत उतरवणं, समुद्राला जमिनीखाली मागे ढकलून ठेवणं. भोवतालच्या गल्ल्यांतल्या विहिरी त्यावर भरायच्या. कोणी म्हणतं तळ्यात पाणी टिकत नाही, तळाला चिकणमाती अंथरा. चेन्नईतल्या देवळांच्या तळ्यांबाबत हे करूनही पाहिलंय. पाणी टिकतं, उत्सव साजरा होतो, फोटो चांगले येतात. पण खालच्या वाळूला काय मिळतं? माझं मत विचाराल तर तळं थोडं गळलं पाहिजे. त्याच्या गळण्यावर तर विहिरी आहेत.

“आजोबा, पण तळ्यातलं घाण पाणी खाली गेलं तर विहिरीही घाण होतील ना?”

आता कसं बोललीस! हाच खरा मुद्दा.

वाळू पाणी गाळते, पण कसं ते ऐका. 1892 साली जर्मनीतल्या हँबुर्ग शहरात पटकीची भयंकर साथ आली. आठ हजारांवर माणसं गेली. शेजारीच आल्टोना नावाचं गाव, दोघांच्या मध्ये एखादा रस्ताच काय तो, आणि दोघंही एल्बे नदीचंच पाणी पिणारे. उलट आल्टोना नदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे हँबुर्गची सगळी घाण आधी त्यांच्याकडे. तरी आल्टोनात साथ फारशी पसरली नाही. कारण एकच, ते पाणी वाळूतून सावकाश गाळून देत होते, आणि हँबुर्ग तसंच देत होतं. वाळूच्या वरच्या थरावर काही दिवसांत एक बुळबुळीत पापुद्रा धरतो. त्यात जिवाणू, शेवाळ, अगदी बारीक किडे. हे सगळे मिळून पाण्यातले रोगजंतू खाऊन टाकतात. आपण ज्याला शेवाळ म्हणून नाक मुरडतो, तोच पहारेकरी. आपल्या किल्पॉकलासुद्धा 1914 साली अशाच सावकाश वाळूच्या गाळण्या सुरू झाल्या. तोवर शहराला मिळायचं ते रेड हिल्सच्या तलावाचं न गाळलेलं पाणी.

पण या पहारेकऱ्याला सगळं अडवता येत नाही. मीठ त्याच्या समोरून निघून जातं. गटारं फुटून मुरलेल्या पाण्यातलं नायट्रेट निघून जातं, आणि नायट्रेट जास्त झालेलं पाणी तान्ह्या बाळाला वाईट. गाडीचं गळालेलं तेल, पेट्रोल, रंगारी ब्रश धुतो ते थिनर, हेही जातं. जंतूंशी वाळू लढेल. बाकीच्यांशी लढायचं ते वरच, ते पाण्यात पडायच्या आधी.

तळ्यातल्या पाण्याचंही तेच. मयिलापूरच्या कपालीश्वराच्या तळ्यात कधी कधी पहिल्या मोठ्या पावसानंतर मासे मरून वर येतात. लोकांना वाटतं कोणी विष टाकलं. कारण बहुधा याहून साधं असतं. महिनोन् महिने रस्त्यावर साठलेला कचरा, शेण, उष्टं, निर्माल्य एका सरीत तळ्यात येतं. ते कुजताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. शिवाय पाणी खताळलेलं, म्हणून हिरवं शेवाळ माजतं. दिवसा ते प्राणवायू सोडतं आणि पाणी निरोगी दिसतं. रात्री मात्र तेही श्वास घेतं. म्हणून मासे गुदमरतात ते पहाटे, सूर्य वर यायच्या आधी. दुपारी येऊन तपासणाऱ्याला पाणी ठीकच सापडतं! आपल्या कैरविणीत मासेच राहत नाहीत, ऋषीचा शाप आहे, अशी इथली कथा आहे. ती मी शास्त्राच्या पुस्तकात कोंबणार नाही. कथा कथेच्या जागी छान आहे.

मग कुमुदं त्या तळच्या कुजक्या चिखलात कशी जगतात, हे नाही विचारलंत? तळच्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतोच, आणि त्यांचे कंद त्यातच रुतलेले. 1980 साली जॉन डेसी नावाच्या शास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या पिवळ्या पाणकमळाचा अभ्यास केला. कोवळं पान उन्हात तापलं की त्याच्या आत हवेचा दाब वाढतो. ती हवा देठातून खाली कंदापर्यंत जाते आणि जुन्या, जरा सैल झालेल्या पानांतून वर येऊन बाहेर पडते. एका पानातून दिवसाला वीस लिटरहून जास्त हवा! झाडाच्या आत वारा वाहतो, मुलांनो. येताना तो चिखलातला मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडही बाहेर घेऊन येतो. ना पंप, ना मोटर, नुसतं ऊन. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला उठून फेरी मारावी लागली, बसवेना.

हं, तर वर लढायचं म्हणजे कुठे? तळ्याच्या काठावर जाळी लावून? लावावी, पण तेवढ्याने भागत नाही. डोंगरातल्या तलावाचं पाणलोट क्षेत्र म्हणजे जंगल आणि उतार. शहरातल्या तळ्याचं पाणलोट क्षेत्र म्हणजे गच्च्या, अंगणं आणि रस्ते. कैरविणीचा डोंगर म्हणजे आपण राहतो ती बिल्डिंग. जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. तंजावरला जा, तिथे आपल्या भोसले राजांच्या आधीपासून शेवप्पनायकन एरी या तलावात पाणी आधी साठवायचं, गाळ बसू द्यायचा आणि मग ते शिवगंगेच्या तळ्यात घ्यायचं अशी रीत होती. पुढे जमिनीखालच्या मातीच्या नळांनी गावातल्या विहिरी-तळ्यांना. पाणी सरळ आत नाही, आधी बाहेर थांबवायचं.

आपल्या शहरात हे पुन्हा शिकवायला डॉ. शेखर राघवन नावाचे भौतिकशास्त्राचे एक गृहस्थ 1990 च्या दशकात बेसंतनगरला घरोघर फिरले. गच्चीचं पाणी रस्त्यावर सोडू नका, विहिरीत घ्या, एवढंच सांगत. लोक दारातून परत पाठवायचे. 2002 साली त्यांच्या प्रयत्नांतून मंदवेळीला ‘रेन सेंटर’ उभं राहिलं आणि 2003 साली तमिळनाडू सरकारने राज्यातल्या सगळ्या इमारतींना पाऊस मुरवणं सक्तीचं केलं. नंतरच्या वर्षांत कितीतरी विहिरींचं पाणी वर आलं. सक्ती झाली की काही लोक नुसता पाइप लावून फोटो काढतात, तेही झालंच. आणि 2015 च्या डिसेंबरात बुडालेलं हे शहर 2019 च्या उन्हाळ्यात कोरडं पडलं. पुंडी, चोळवरम, रेड हिल्स, चेंबरम्बाक्कम, चारही जलाशय जवळजवळ रिकामे. जुलैत जोलारपेट्टैहून आगगाडीने पाणी आणलं. लातूरला 2016 साली मिरजेहून जलदूत गाडी गेली होती, तुझा बाबा तेव्हा टीव्हीसमोर बसून म्हणाला होता, चेन्नईला बरं, समुद्र आहे. मी काही बोललो नाही.

“केंब्रिजवाल्यांचं तळं मात्र सुखात असेल. काठावरचं सगळं काढून टाकलंय त्यांनी.”

नाही रे, सुखात कसलं! काठ त्यांच्या हातात आहे, पण आता तळ्यात येणारं बरंचसं पाणी दूरच्या ओढ्यांवरच्या दोन जलाशयांतून येतं, हॉब्स ब्रूक आणि स्टोनी ब्रूक. ते पाणलोट क्षेत्र दुसऱ्याच गावांच्या हद्दीत. शेजारून मोठा हायवे जातो. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचू नये म्हणून तिकडे मीठ टाकतात. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो, बर्फ वितळतो, गाड्या घसरत नाहीत. आणि ते मीठ वितळलेल्या पाण्याबरोबर ओढ्यात जातं, ओढ्यातून जलाशयात, जलाशयातून फ्रेश पॉन्डमध्ये. त्यांच्या नळाच्या पाण्यातलं सोडियम आणि क्लोराइड गेल्या काही दशकांत वाढत गेलंय. समुद्राने नाही, रस्त्याने त्यांचं गोड्या पाण्याचं तळं खारावतंय. गाळणी लावून मीठ निघत नाही, हे आपण मघाशीच पाहिलं. मग ते काय करतात? शेजारच्या गावांशी बोलणी करतात, मीठ कमी कसं टाकता येईल ते पाहतात, वरची जमीन मिळेल तिथे विकत घेतात. बर्फवाल्यांना उठवणं सोपं होतं, कारण गोदामं दिसत होती. हायवेला कोण उठवणार?

आपल्याला निदान आपली गच्ची तरी आपल्या हातात आहे. गणित मांडायचंय अजून, वही मिटू नकोस. चेन्नईत वर्षाला सरासरी साधारण 1400 मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला मोठा वाटा या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, तुमच्या पुण्यात पाऊस परतून गेल्यावर. म्हणून इथे दिवाळीतही फटाके ओले होतात. आपली गच्ची समजा शंभर चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. मग?

“शंभर गुणिले चौदाशे… एक लाख चाळीस हजार लिटर!”

सगळंच काही हाती लागत नाही. थोडं वाफ होतं, थोडं उडून जातं. पण एवढं पाणी दर वर्षी एका छोट्या गच्चीवर पडतं. आता त्यातला पहिला वाटा सोडायचा. उन्हाळाभराची धूळ, कबुतरांची विष्ठा, दिवाळीच्या रॉकेटची राख, हे पहिल्या काही मिलिमीटरमध्येच धुऊन निघतं. म्हणून पाइपला एक फाटा असतो, पहिल्या पावसात तो उघडा ठेवायचा आणि ते पाणी झाडांना द्यायचं. नंतर फाटा बंद, पाणी खडी-वाळूच्या खड्ड्यातून विहिरीत. त्याआधी गच्ची झाडायची. ते काम दोन दिवसांपूर्वी मी तुम्हाला दिलं होतं, आणि तुम्हाला वाटलं आजोबा उगाच कामाला लावतायत. गच्चीवर कपडे धुवायचे नाहीत, रंगाचे डबे ठेवायचे नाहीत, आणि खाली पार्किंगमध्ये तेल गळणाऱ्या स्कूटरखाली पत्र्याचा तुकडा ठेवायचा. त्या स्कूटरच्या मालकाला मी सांगून सांगून थकलो, आता मीच पत्रा ठेवतो.

“समोरच्या बिल्डिंगचा पाइप तर सरळ रस्त्यावर सुटलाय. ते पाणी कुठे जातं?”

पावसाळी गटारात. तिथून बकिंगहॅम कालव्यात. 1877-78 च्या दुष्काळात पोटाला काम मिळावं म्हणून लोकांकडून त्याचा शहरातला भाग खणून घेतला होता. आज त्यात लोकल गाडीचे खांब उभे आहेत आणि सांडपाणी वाहतं. तिथून पाणी समुद्रात. म्हणजे आपल्या जमिनीखाली समुद्राला मागे रेटू शकलं असतं ते पाणी आपण समुद्रालाच देऊन टाकतो, वर शहराची घाण घालून.

“मग आपण त्यांना सांगूया ना!”

त्यांचे सेक्रेटरी गणिताचे मास्तर होते, आता निवृत्त झालेत. तत्त्वज्ञान सांगितलं की त्यांना जांभई येते, आणि पर्यावरण हा शब्द काढला की ते वर्गणीचं पाकीट शोधायला लागतात. पण हिशेब दाखवला की माणूस खुर्ची पुढे ओढतो. पाऊस उघडला की संध्याकाळी जाऊ. एक्केचाळीस-चाळीसचं पान तू घेऊन चल, आणि त्यांच्या गच्चीची लांबी-रुंदी आधी पावलांनी मोजून घे, म्हणजे लिटरही तिथल्या तिथे काढता येतील. धाकटे, तू पाइप कुठे सुटलाय ते बोट करून दाखव. तमिळ मी बोलतो.